चार नंबरची ओल

नोकरीत मी पुष्कळ अहवाल लिहिले. त्यातलं एकच वाक्य मला अजून पाठ आहे. "खोली क्रमांक चार येथील ओल ही तेथे राहणाऱ्यांच्या पाणी साठवण्याच्या सवयीमुळे आली असावी." खाली माझी सही होती. हे वाक्य खोटं होतं आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. आजवर मी हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली. माझा हात थरथरतो, एक पान लिहायला सकाळ जाते. तरी लिहितो, कारण ज्यांनी हे वाचायला हवं होतं त्यांच्यापैकी कोणी असलंच तर त्याला निदान छापील अक्षरात मिळावं.

यवतमाळात, कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे जिथं गाव संपून काळी शेतं सुरू होत, तिथं आमच्या खात्यानं कर्मचाऱ्यांसाठी सोळा बिऱ्हाडांची दुमजली इमारत बांधली होती. आठ बिऱ्हाडं खाली, आठ वर. प्रत्येकाला दोन खोल्या, मागे मोरी, पुढे लांबच लांब व्हरांडा, आवारात एक विहीर. कुडाच्या आणि मातीच्या घरांतून आलेल्या आम्हा लोकांना पक्क्या विटांचं दुमजली घर म्हणजे चैन वाटे. सुरुवातीला लोक रविवारी मुलाबाळांना घेऊन नुसतं बघायला यायचे. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, नागपूरहून नुकताच शिकून आलेला. ही इमारत माझं पहिलं काम.

काळ्या जमिनीचं एक आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातलं पाणी पायातून भिंतीत चढू नये म्हणून जोतं पूर्ण झालं की त्यावर डांबराचा थर द्यायचा आणि मग वर वीट लावायची. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आमचं जोतं झालं तेव्हा मृग तोंडावर आला होता आणि डांबराची पिंपं आली नव्हती. माझ्या वरचे ओव्हरसियर म्हणाले, गवंडी आता बसून राहिले तर पेरणीला निघून जातील, दिवाळीपर्यंत हाती लागणार नाहीत, भिंत चालू ठेव. मी भिंत चालू ठेवली. पिंपं पुढे आली, ती वरच्या गच्चीला वापरली गेली. पण मोजमाप वहीत जोत्यावरच्या थराची नोंद नसती तर पुढचं सगळं काम अडलं असतं. ओव्हरसियर म्हणाले, "लिहून टाक. खणून पाहायला कोण येतं?" मी लांबी, रुंदी, जाडी लिहिली आणि सही केली. अक्षर फार सुरेख होतं माझं.

दोन वर्षांनी ते ओव्हरसियर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले आणि तिथंच वारले. ते गवंडी कुठल्या कुठल्या खेड्यांतले, ते आपापल्या शेतांत परतले. त्या जोत्यावर काय नाही हे जाणणारा खात्यात मी एकटा उरलो.

ओल यायला तीन पावसाळे लागले. आधी भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा, म्हणजे मिठासारखा खार, फुटू लागला. झाडून काढला की चार दिवसांनी परत. मग गिलाव्याला फुगे आले, ते बोटानं दाबले तर पीठ होऊन पडत. मग बुरशी. खालच्या मजल्यावर भाद्रपदात कोणाच्याही घरी गेलं की तोच वास यायचा. पेट्यांच्या मागं काळे ठिपके, गोधड्यांना हिरवट बुरा, पापडांचे डबे उघडले की बायका नाक मुरडून ते उकिरड्यावर रिकामे करायच्या. खालची आठही घरं ओली झाली होती, पण चार नंबर सर्वांत वाईट. आवाराचा उतार त्या कोपऱ्याकडे होता आणि पावसाचं पाणी तिथं दोन-दोन दिवस उभं राहायचं. कारण एवढं साधं होतं.

चार नंबरमध्ये आमच्या कचेरीतला शिपाई राहत होता. बायको आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. तो माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करत असे आणि तो मला साहेब म्हणे. छप्पनच्या दसऱ्याला तिघं नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली. आल्यावर त्यानं कोनाड्यातले देव काढले, कोनाडा चुन्यानं पांढरा केला आणि तिथं बुद्धाचं चित्र ठेवलं. दुसरी गोष्ट केली ती विहिरीची. तोपर्यंत त्यांच्या घरचं पाणी दुसऱ्या कोणी तरी वरून ओतायचं. ती तिघं भांडी मांडून उभी राहायची, ज्याला सवड होईल तो ओतायचा. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. नागपूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचा दोर आणि बादली आणली आणि विहिरीवर उभा राहून पाणी काढलं.

भांडण झालं नाही. आम्ही सगळे शिकलेले, सरकारी माणसं. एवढंच ठरलं की चार नंबरनं बाकीच्या पंधरा घरांचं भरून झाल्यावर भरायचं. कोणी ठरवलं ते आता सांगता येणार नाही. मीही तिथं होतो आणि गप्प होतो. उन्हाळ्यात पंधरा घरांचं भरून होईतो विहिरीत गढूळ उरायचं, कधी तेही नाही. त्यामुळे मिळेल त्या दिवशी ते दोन-तीन दिवसांचं भरून ठेवत. आतल्या खोलीत लाकडी घिनोचीवर, म्हणजे पाण्याच्या मांडणीवर, पितळेचे पाच मोठे गुंड भरलेले आणि खाली एक रांजण. या एवढ्या पाण्यावर पुढं सगळं रचलं गेलं.

वरच्या मजल्यावर आमचे हेडक्लार्क राहत. बोलण्यात पटाईत. खालच्या बुरशीचा विषय निघाला की म्हणायचे, "चार नंबरनं देव काढले अन् बुरशी बसवली." व्हरांड्यात सगळे हसायचे. मी हसत असे, बाकीच्यांपेक्षा थोडा जास्तच, असं आता वाटतं.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात इमारतीच्या दुरुस्तीला मंजुरी आली. आमचा जिल्हा तोवर मुंबई राज्यात गेला होता. नागपूरकडे जाणाऱ्या फायली आता दुसरीकडे जात आणि नवे साहेब पुण्याकडून आले होते. सज्जन माणूस, काटेकोर, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. पण काळ्या जमिनीवर त्यांनी कधी घर बांधलेलं नव्हतं आणि सिमेंटवर त्यांचा फार विश्वास. जुना गिलावा चार फुटांपर्यंत खरवडून काढायचा, सांधे कोरायचे, सिमेंटचा नवा गिलावा द्यायचा, फरशी उचलून पुन्हा बसवायची, असा त्यांचा बेत. देखरेख माझ्याकडे.

कामावर वणीकडचा एक म्हातारा गवंडी आला होता. चुन्याच्या कामात जन्म गेलेला माणूस. पहिल्या दिवशी भिंतीवरून तळहात फिरवून तो म्हणाला, "साहेब, सिमिट लावलं तं भित बाहेरून कोरडी दिसन. आतली ओल मंग जाईन कुठं? वरच जाईन. राजूरचा चुना आणू द्या मले."

मी म्हणालो, साहेबांचा हुकूम सिमेंटचा आहे. पण काम सुरू करण्याआधी त्यानं मला न विचारता चार नंबरच्या कोपऱ्याशी, बाहेरच्या बाजूनं, जोत्याला लागून दोन विटा काढल्या. मी गेलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसून त्या भोकात पाहत होता. विटा हातात घेतल्या तर पिळून पाणी निघेल अशा.

"इथं काळी रेघ पायजे होती," तो म्हणाला. "मले तं दिसून नाई राह्यली."

"या कोपऱ्यात सुटली असेल," मी म्हणालो. "दुसरीकडं असेल."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग "असन" म्हणाला. विटा उचलून विचारलं, "बुजवू का?"

"बुजवा," मी म्हणालो.

त्यानं विटा परत बसवल्या, थापीनं सांधा पुसून घेतला आणि पुढं महिनाभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो मला वाचवत होता की माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही असं त्याला वाटलं, हे मी ठरवू शकलेलो नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. दुरुस्तीच्या कागदांना ओलीचं कारण जोडावं लागत होतं. त्यांनी सरळ विचारलं, ओल जमिनीतून चढते आहे का? जोत्यावर थर दिल्याची नोंद आहे का? मी वही आणून पान उघडून दाखवलं. माझं ते सुरेख अक्षर. साहेबांनी पानावर बोट ठेवून वाचलं आणि समाधानानं वही मिटली. म्हणाले, मग कारण आतलंच असणार, बिऱ्हाडांतलं. हेडक्लार्क शेजारीच उभे होते. त्यांनी हळूच चार नंबरच्या पाच गुंडांचा आणि रांजणाचा उल्लेख केला. साहेब मला म्हणाले, जाऊन पाहा आणि लिहून द्या.

त्या क्षणी सांगता आलं असतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत होतो की सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, घरी धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती. नोकरी गेलीच असती. ते खरंच आहे. पण मी त्या वेळी बहिणींचा विचार केला नव्हता. मला फक्त वहीतलं ते पान दिसत होतं.

चार नंबरमध्ये गेलो तेव्हा शिपाई कचेरीत होता. त्याची बायको घरी होती. मी कशासाठी आलो हे तिला आधीच कळलं होतं. तिनं पदर खोचला आणि घिनोचीवरचा एकेक गुंड उतरवून खाली ठेवला. मग भरलेला रांजण दोन्ही हातांनी तिरका करून बाजूला सरकवला. त्याच्या खाली तिनं वाळू आणि राख पसरली होती.

"हात लावून पाहा ना साहेब," ती म्हणाली.

मी वाकून वाळूत हात घातला.

"कोरडं हाय का नाई?"

"कोरडं आहे."

"मंग आता इकडं या."

तिनं मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, पाण्यापासून सर्वांत दूर. तिथल्या भिंतीवर कमरेपर्यंत काळी बुरशी चढली होती. "इथं आमी पाणी ठेवत नाई, भांडं ठेवत नाई. इथं पोरगी निजत होती. डाक्तर म्हणे, कोरड्या जागी निजवा, नाईतं छाती आणखी बिघडन. आता तिले व्हरांड्यात निजवतो." मग तिनं मला विचारलं, "हे पाणी कुठून येऊन राह्यलं मंग?"

मी म्हणालो, बघावं लागेल.

संध्याकाळी कचेरीत बसून मी ते वाक्य लिहिलं. 'असावी' हा शब्द मुद्दाम घातला. त्या एका शब्दात मला पळवाट वाटत होती. साहेबांनी वाचून 'ठीक' असा शेरा मारला. पुढं जे झालं ते त्यांच्या पातळीवर आपोआप झालं. खालची आठ बिऱ्हाडं मग कामापुरती सुट्टीतल्या शाळेच्या खोल्यांत हलवली. काम संपल्यावर सात परत आली. चार नंबरला कळवण्यात आलं की खोली कचेरीच्या जुन्या दप्तरासाठी लागणार आहे, आणि इमारतीची नासधूस करणाऱ्या राहणीमुळे आपणास पुन्हा निवासस्थान देता येत नाही. 'नासधूस' हा शब्द माझा नव्हता, पण तो माझ्या वाक्यातून निघाला होता. ती तिघं नाल्याकाठच्या एका झोपडीत गेली. पावसाळा महिन्यावर होता.

नवा गिलावा पहिल्या वर्षी छान दिसला. हेडक्लार्क येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवर बोटांनी टकटक करून दाखवत. आवाज खणखणीत येत होता. मी तो आवाज ऐकला की तिथून निघून जायचो. रोज सकाळी कचेरीत जाताना मी इमारतीच्या बाजूनं जायचो आणि सिमेंट जिथं संपून जुना चुना सुरू होत होता त्या रेघेकडे पाहायचो. काय होणार हे मला माहीत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो, म्हणजे जे करायला हवं होतं तेवढं सोडून काहीही करून त्याचा उपयोग नव्हता. मी आवाराला चर खणून घेतला. उतार बदलून पाहिला. साहेबांना सांगून बाहेरच्या बाजूनं आणखी एक थर दिला. दुसऱ्या पावसाळ्यात त्या रेघेच्या वर, पाचव्या फुटावर, लोणा फुटला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जुन्या दप्तरातली एक फाईल हवी होती म्हणून मला चार नंबर उघडायला पाठवलं. गठ्ठे उचलायला शिपाई सोबत होता, तोच. त्यानंच कुलूप काढलं. दार उघडताच जुना वास आला. तळाचे गठ्ठे ओलसर होऊन एकमेकांना चिकटले होते, त्यांवर केसाळ पांढरी बुरशी. कोनाडा रिकामा. त्या खोलीत दीड वर्षात कोणी पेलाभरसुद्धा पाणी ठेवलं नव्हतं.

त्यानं भिंतीला तळहात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग धोतराला पुसला.

"साहेब," तो म्हणाला, "आमी गेल्यावर इथं कोणी राह्यलं नाई."

"नाही."

"मंग तुमी एवढं लिहून द्या. का ओल आमच्यानं नव्हती. दुसरं काई नको मले. नवीन क्वार्टर निघून राह्यले, दोनदा अर्ज केला. त्या कागदापायी माहा अर्ज वापस येते." मग तो म्हणाला, "पोरीले त्या झोपडीत लई तरास हाय."

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्यावर त्याचा संशयच नव्हता. मीही त्याच्यासारखाच चुकून फसलो, असं तो धरून चालला होता.

मी "बघतो" म्हणालो. ओल त्यांच्यामुळे नव्हती असं लिहिलं की मग कोणामुळे होती हे लिहावं लागलं असतं. त्यानं आणखी दोनदा आठवण करून दिली, एकदा कचेरीच्या जिन्यावर आणि एकदा बाजारात, मुलीला घेऊन. मग त्यानं विचारणं सोडलं. चार नंबर उघडला त्या दिवशी गठ्ठे आम्ही व्हरांड्यात उन्हाला टाकले होते. हेडक्लार्क वरून खाली आले, ते पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही.

साठ सालानंतर त्याची बदली मारेगावला झाली. इमारतीची आणखी एक दुरुस्ती झाली, पुन्हा सिमेंटनंच. ओल खिडक्यांपर्यंत पोहोचली आणि खालची बिऱ्हाडं एकेक करून गावात भाड्यानं राहायला गेली. म्हातारा गवंडी म्हणाला होता तसंच सगळं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी एका कामासाठी मारेगावला गेलो होतो. खिशात एक कागद होता. आदल्या रात्री लिहिलेला, जसं घडलं तसं. खाली सही करायची जागा सोडलेली होती. सही त्याच्यासमोर करायची असं मी ठरवलं होतं. विचारत विचारत त्याचं घर सापडलं. मातीच्या भिंती, शाकारलेलं छप्पर. अंगणात लिंबाखाली घिनोची, तिच्यावर तेच पाच गुंड. मुलगी, आता पंधरा-सोळा वर्षांची, खाली बसून तूर पाखडत होती. दम लागला की सूप मांडीवर ठेवून थांबायची. तिचा श्वास मला फाटकापर्यंत ऐकू येत होता. शाळा तिनं कधीच सोडली होती.

तिच्या आईनं मला ओळखलं. बाज टाकली, बसा म्हणाली. "ते कामावर गेले, दिवस मावळता येतीन," असंही म्हणाली. मी बसलो. मग तिनं विचारलं, शेजारणीची ख्यालीखुशाली विचारावी तशा आवाजात, "वाळली का ती भित?"

"नाही," मी म्हणालो.

"आमी नसून?"

"हो."

तिनं मान हलवली. लेकीकडे पाहिलं. मग उठून गुंडातून तांब्याभर पाणी काढून माझ्यासमोर ठेवलं. मी प्यालो. कागद खिशातच होता. तिनं थांबा म्हटलं, जेवून जा म्हटलं. मी म्हणालो, शेवटची मोटार निघून जाईल. शेवटच्या मोटारीला दीड तास अवकाश होता. मी जाऊन थांब्यावर बसून राहिलो.

पुन्हा मी मारेगावला गेलो नाही. ती मुलगी पुढं किती जगली हे मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही. कागद काही वर्षं पेटीत होता, मग एका पावसाळ्यात त्यालाही बुरा आला आणि बायकोनं तो न उघडताच रद्दीत टाकला. त्यात काय होतं ते आठवून इथं उतरवतो.

जोत्यावर डांबराचा थर दिला नव्हता. वहीतली नोंद मी खोटी केली. चार नंबरच्या बाईंनी गुंड आणि रांजण हलवून मला खालची जमीन हात लावून पाहायला सांगितली. मी हात लावला होता. ती कोरडी होती.